एअर रायफलसाठी बिनशिशाचे छर्रे: शिशावरून कथलावर जाताना काय करायचं आणि कुठल्या क्रमानं

रविवारच्या बॅचला साडेदहाला सुट्टी होते. मुलं रायफली बोल्ट उघडे ठेवून टेबलावर ठेवतात आणि पायरीवर बसून डबे उघडतात. गेल्या वर्षी मार्चमध्ये अशीच एक तेरा वर्षांची मुलगी माझ्यासमोर बसली होती. तिनं कडक भाकरीचा तुकडा मोडला, तेल घातलेल्या शेंगाचटणीत बुडवला आणि तोंडात टाकला. हातात उरलेल्या भाकरीच्या पांढऱ्या पापुद्र्यावर तिच्या अंगठ्याचा करडा ठसा उमटला होता. पेन्सिलीचं शिसं बोटानं घासल्यावर उमटतो तसा, किंचित चकाकणारा. सकाळपासून तिनं ऐंशी छर्रे भरले होते, प्रत्येक छर्रा अंगठा आणि तर्जनीत धरून.

"हात धुतलेस का गं?" मी विचारलं.

"सॅनिटायझर लावलंय की सर."

पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, ते निरुपद्रवी असतं. हे मात्र खरं शिसं होतं. सॅनिटायझरनं जंतू मरतात, शिसं जागचं हलत नाही. तो ठसा बघितल्यावर मी आमच्या रेंजवर शिशाचे छर्रे कमी करायला घेतले. वर्षभरात त्यात जे जमलं, जे चुकलं आणि जे मोजून हाती आलं, ते इथे लिहितो आहे. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला, पूर्वी लूम चालायचे अशा एका शेडमध्ये मुलांना दहा मीटर एअर रायफल शिकवतो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणलं, तेव्हापासून आमच्याकडे विचारणा करणारे पालक वाढले. आठ-दहा वर्षांच्या मुलांना घेऊन येतात. म्हणून हा विषय आत्ताच हाताळायला हवा.

शिकारीच्या बंदुकीतल्या शिशावर परदेशात बरीच वर्षं चर्चा चालू आहे. शिकाऱ्याची शिशाची गोळी जनावराच्या अंगात बारीक कण सोडते आणि ते मांस खाणारी गिधाडं, गरुड विषबाधेनं मरतात. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडांसाठी 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी आहे. युरोपीय संघानं पाणथळ जागांवर शिशाचे छर्रे 2023 मध्ये बंद केले. डेन्मार्कनं 2024 मध्ये शिकारीच्या रायफलीतलं शिसंही थांबवलं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारच बंद आहे. एअरगन घेऊन सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर तित्तर टिपायला जाणं हा गुन्हा आहे, छर्रा कुठल्याही धातूचा असो. त्यामुळे आपल्याकडे शिशाचा प्रश्न उरतो तो बंद हॉलमधल्या नेमबाजीचा, म्हणजे आपल्या मुलांच्या हातांचा आणि श्वासाचा.

काळजी किती करायची

घाबरवायचा हेतू नाही, म्हणून आधी प्रमाण सांगतो. दारूच्या काडतुसांत काडतूस पेटवणाऱ्या टोपीतही सहसा शिशाचं संयुग असतं आणि प्रत्येक बाराबरोबर त्याची वाफ हवेत मिसळते. एअर रायफलमध्ये हवा किंवा स्प्रिंगच छर्रा ढकलते, तिथे हा भाग येत नाही. आपल्याकडे शिसं तीन ठिकाणी असतं: बोटांवर, ट्रॅपच्या (टार्गेटमागे छर्रे अडवणाऱ्या पेटीच्या) पत्र्यावर आपटून उडालेल्या भुकटीत आणि ती भुकटी बसलेल्या फरशीवर. शरीरात ते बहुतेक तोंडावाटे जातं.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे: शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणून ठाऊक नाही. रक्ताच्या एका डेसिलिटरमध्ये 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं निघालं, तर ते कुठून आलं हे शोधून थांबवा, असं त्यांची 2021 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांतला फरक नीट कळत नाही, त्यामुळे ते हाडांत जाऊन बसतं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातला साधारण दहावा हिस्सा रक्तात उतरतो, लहान मुलांत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकतं. पोट रिकामं असेल, लोह किंवा कॅल्शियम कमी असेल, तर आणखी जास्त. वयात येणाऱ्या किती मुलींचं हिमोग्लोबिन कमी असतं, हे सोलापुरातल्या कुठल्याही डॉक्टरांना विचारा. म्हणून आमच्याकडे पहिला नियम झाला, उपाशीपोटी सरावाला यायचं नाही.

आता ढिगाऱ्याचा हिशेब बघा. स्पर्धेचा शिशाचा छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा असतो. दहा मुलं, रोज शंभर बार, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर पंचवीस हजार छर्रे होतात. म्हणजे सव्वातेरा किलो शिसं दर महिन्याला एका शेडमध्ये आदळतं. त्यातला अगदी नगण्य अंश भुकटी होऊन उडाला, तरी तो मुलं चालतात त्याच फरशीवर बसतो.

छर्रे बदलण्याआधी हात आणि फरशी

हा भाग आजच सुरू करता येतो आणि खर्च जवळजवळ शून्य आहे. कथलाचे छर्रे कुरिअरनं येईपर्यंत वाट बघू नका.

हात साबणानं, बोटांची टोकं एकमेकांवर घासून, नखांत ब्रश फिरवून धुवायचे. आम्ही बेसिनपाशी कपड्यांच्या साबणाची वडी आणि नखांचा जुना ब्रश दोरीनं बांधून ठेवला आहे. धुतल्यानंतर पांढऱ्या सुती फडक्यावर बोटं दाबायची. डाग उमटला तर पुन्हा बेसिन. हे फडकं मुलांना फार पटलं, कारण त्यावर दिसतं. डबा, पाण्याची बाटली आणि मोबाइल फायरिंग लाइनपाशी, म्हणजे नेमबाज उभे राहतात त्या रेषेपाशी, आणायचे नाहीत. छर्रा ओठांत धरायची खोड काही जुन्या नेमबाजांना असते. मुलं बघून शिकतात, तेव्हा ती आधी आपण सोडायची.

केरसुणी बंद. कोरड्या झाडण्यानं खाली बसलेली भुकटी पुन्हा उंच उडते. घरातला व्हॅक्युम क्लीनरही नको, त्याचा साधा फिल्टर बारीक धूळ मागून बाहेर फेकतो. बादलीत डिटर्जंटचं पाणी घ्यायचं आणि टार्गेटकडून दाराकडे न येता दाराकडून टार्गेटकडे पुसत जायचं. पोछा आणि बादली रेंजचीच, दुसरीकडे वापरायची नाही. ट्रॅप साफ करताना मोठ्या माणसानं मास्क आणि हातमोजे घालायचे. गरोदर बाईनं हे काम अजिबात करायचं नाही.

सोलापूरकरांसाठी कूलरची गोष्ट वेगळी सांगायला हवी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये कूलरशिवाय मुलं टिकत नाहीत. आमचे दोन कूलर टार्गेटच्या बाजूच्या खिडकीत होते, कारण प्लग पॉइंट तिकडे होता. म्हणजे ट्रॅपवरची भुकटी घेऊन वारा सरळ मुलांच्या तोंडावर येत होता. चार उन्हाळे हे माझ्या लक्षात आलं नाही, याचं वाईट वाटतं. आता कूलर नेमबाजांच्या पाठीमागे आहेत आणि टार्गेटच्या मागच्या भिंतीत दोन एक्झॉस्ट पंखे बसवले आहेत. हवा पाठीमागून येते, माणसाला ओलांडून टार्गेटकडे जाते आणि बाहेर पडते. तुमच्या रेंजवर उदबत्ती पेटवून फायरिंग लाइनवर धरा. धूर तुमच्याकडे येत असेल तर पंख्यांची जागा बदला.

मुलांची शिशाची तपासणी करून घ्यायची असेल, तर रक्त शिरेतून काढायला सांगा. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात बोटावरचंच शिसं मिसळून आकडा फुगू शकतो. माझ्या स्वतःच्या मुलीची तपासणी केली तेव्हा आकडा पाचच्या खाली होता. तरी मी बदल थांबवला नाही, कारण तिची अजून दहा वर्षं या हॉलमध्ये जाणार आहेत.

बिनशिशाचा छर्रा म्हणजे काय

बहुतेक बिनशिशाचे छर्रे कथलाचे किंवा कथलाच्या मिश्रधातूचे असतात. तांब्यापितळेच्या पातेल्यात नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्यानं कल्हईवाला जो चकचकीत धातू फिरवतो, तोच हा. आपण त्यात पिढ्यान् पिढ्या आमटी शिजवली आहे. धातूरूपातलं कथील पोटातून फारच कमी शोषलं जातं.

फरक वजनाचा आहे. शिशाची घनता 11.34, कथलाची सुमारे 7.3. म्हणजे त्याच आकाराचा छर्रा 0.53 ग्रॅमऐवजी 0.34 च्या आसपास भरतो. पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका आकड्यातून निघतात. दुसरी गोष्ट, कथील शिशापेक्षा कडक आहे. शिशाचा छर्रा बॅरलमधल्या खाचांत सहज दबून बसतो आणि त्याची मागची पातळ कड हवेच्या दाबानं फुलून फट बंद करते. कथलाची कड तितकी फुलत नाही, त्यामुळे मूळ मापच अचूक जमावं लागतं.

दुकानात फसगत होते ती तांब्याच्या मुलाम्याच्या छर्‍यांत. लालसर, चमकदार दिसतात आणि बोटं काळी करत नाहीत, म्हणून काही विक्रेते ते बिनशिशाचे म्हणून देतात. मी एकदा तीन डब्या आणल्या. घरी एक छर्रा ब्लेडनं चिरला तर आत मऊ करडं शिसं. तेव्हापासून डबी उघडली की शंभर छर्रे सराफाकडे असतो तसल्या छोट्या डिजिटल काट्यावर टाकतो. सपाट तोंडाचे, 4.5 मिमीचे शंभर छर्रे 33 ते 37 ग्रॅम भरले तर कथील समजा. 45 च्या वर गेले की शिसं. पांढऱ्या कागदावर घासूनही बघा, शिशाची ठळक करडी रेघ उठते.

स्टीलचे गोल छर्रे, ज्यांना बीबी म्हणतात, ते खाचांच्या बॅरलमध्ये कधीही घालू नका. खाचा खराब होतात आणि पत्र्यावरून ते सरळ परत येतात.

नियमाचं काय, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत दहा मीटरसाठी 4.5 मिमीचा, शिशाचा किंवा इतर मऊ धातूचा छर्रा चालतो. कथील त्यात बसतं. स्थानिक स्पर्धेला जाण्याआधी आयोजकांना विचारून घेणं बरं, कारण त्यांच्या ट्रॅपला कडक छर्रा मानवेलच असं नाही.

बॅरल तयार करणं

इथे मी सुरुवातीला घाई केली. सकाळी शिसं, दुपारी त्याच रायफलीतून कथील. गोळ्या कागदभर पसरल्या आणि मी निष्कर्ष काढला की कथील बेकार आहे. चूक कथलाची नव्हती. बॅरलच्या आतल्या भिंतीवर शिशाचा पातळ थर बसलेला असतो. छर्रा त्या थरावरून घसरत जातो आणि रायफल त्याला सरावलेली असते. धातू बदलला की नवा थर बसेपर्यंत गोळ्या भटकतात.

म्हणून आधी बॅरल साफ करा. रायफल रिकामी आहे, कॉक केलेली नाही, हे डोळ्यांनी आणि बोटानं तपासा. हवा साठवलेल्या सिलिंडरची रायफल असेल तर मिळतात ते नमद्याचे साफसफाईचे छर्रे दोन-दोन भरून उडवा. पहिले काळे निघतील. ते पांढरे निघेपर्यंत चालू ठेवा. स्प्रिंगच्या रायफलीत नमदा उडवू नका. तो इतका हलका असतो की पिस्टन समोर अडथळाच नसल्यासारखा जाऊन आदळतो आणि सील फुटतं. तिथे नायलॉनच्या दोरीला फडक्याची पट्टी बांधून ओढून घ्या, चेंबरकडून तोंडाकडे. लोखंडी सळई नको. पेट्रोल, थिनर असलं काही नको, रबरी रिंगा खराब होतात.

यानंतर कथलाचे पन्नास ते शंभर छर्रे नुसते उडवायचे, गुण न मोजता. आमच्या चार रायफलींपैकी तीन साठ-सत्तरच्या आसपास स्थिर झाल्या. एक शंभर ओलांडूनही झाली नाही, तिला वेगळ्या मापाचा छर्रा लागला.

एकदा रायफल कथलावर आणली की कथलावरच ठेवा. आमच्याकडे कथलाच्या रायफलींच्या कुंद्यावर हिरवी चिकटपट्टी आहे आणि त्यांच्या डब्यांवरही. लहान मुलांनाही ते लगेच कळतं.

माप जुळवणं आणि गुच्छ मोजणं

डबीवर 4.49, 4.50, 4.51 असे आकडे असतात, ते छर्‍याच्या डोक्याचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात. शिशात एका शतांशानं फार बिघडत नाही. कथलात बिघडतं. शक्य असेल तर प्रत्येक मापाची एकेक डबीच मागवा आणि निकाल लागल्यावर मोठी ऑर्डर द्या. मी आधी चाळीस डब्या घेतल्या आणि त्यातल्या पंधरा अजून कपाटात आहेत.

भरताना बोटाला फरक कळतो. कथलाचा छर्रा थोडा अडतो. नखानं ढकलू नका, कड वाकते आणि वाकलेल्या कडेचा छर्रा हमखास बाहेर जातो. अंगठ्याच्या पेरानं सरळ, एकाच दाबानं बसवा. फारच जोर लागत असेल तर माप मोठं आहे. अडकलाच तर समोरून प्लॅस्टिकच्या काडीनं मागे ढकलून काढायचा, आणि हे काम प्रशिक्षकाचं, मुलांचं नाही.

आता चाचणी. उभं राहून मारू नका, तुमचा हात आणि छर्रा यांचा दोष वेगळा कळणार नाही. टेबलावर वाळूच्या दोन पिशव्या ठेवा, एक पुढे आणि एक कुंद्याखाली. दहा-दहा बारांचे पाच कागद मारा. प्रत्येक कागदावर सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर कॅलिपरनं मोजा आणि त्यातून 4.5 मिमी वजा करा. उरलेला आकडा म्हणजे त्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर, कागदावरच्या भोकांच्या गुच्छाचा खरा आकार.

हा आकडा कशाशी ताडायचा? एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त 0.5 मिमीचा असतो. छर्रा त्याला नुसता शिवला तरी दहा मिळतात. म्हणजे छर्‍याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून 2.5 मिमीच्या आत पडला की दहा. म्हणून गुच्छ 5 मिमीच्या आत असेल आणि नेम धरायची साइट मध्यावर लावलेली असेल, तर रायफल आणि छर्रा मिळून तुमचे दहा जाऊ देत नाहीत. जे जातात ते आपल्या हातून जातात. शिकणाऱ्या मुलासाठी एवढं पुष्कळ आहे.

आमच्या चांगल्या रायफलीत स्पर्धेच्या शिशाच्या छर्‍यांचा गुच्छ दीड मिमीच्या आसपास येतो, जमलेल्या कथलाचा साडेतीन ते चार. हा फरक खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. 60 बारांच्या सामन्यात दशांश गुण मोजले जातात, 10.9 पर्यंत, आणि प्रत्येक दशांश म्हणजे कागदावर पाव मिलिमीटर. राज्य पातळीवर निवडीसाठी झगडणाऱ्या मुलाला हा फरक नडतो. महिनाभरापूर्वी पहिल्यांदा रायफल उचललेल्या मुलाला तो जाणवतसुद्धा नाही.

साइट सरकवणं

हलका छर्रा जास्त वेगानं निघतो. शिशाचा छर्रा सेकंदाला 172 मीटरनं निघाला तर दहा मीटर जायला त्याला 58 मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यात तो साधारण साडेसोळा मिमी खाली येतो. कथलाचा 195 नं निघाला तर 51 मिलिसेकंदांत पोचतो आणि 13 मिमीच्या आसपास उतरतो. म्हणजे गोळी कागदावर तीन-चार मिमी वर लागते. एका रिंगपासून पुढची रिंग अडीच मिमीवर असते, तेव्हा हा दीड रिंगचा फरक झाला. प्रत्यक्षात डावी-उजवीकडेही थोडं सरकतं, कारण बाराच्या वेळी बॅरलची थरथर बदलते.

आपल्या साइटची एक क्लिक गोळी किती सरकवते, हे पुस्तिकेवर न सोडता मोजून घ्या. पाच बार मारा, दहा क्लिक फिरवा, पुन्हा पाच मारा, दोन गुच्छांच्या मध्यांतलं अंतर दहानं भागा. तो आकडा रायफलीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. मुलांकडूनच करून घ्या. भागाकार कशासाठी शिकलो, ते त्या दिवशी त्यांना कळतं.

जुन्या, जोरदार स्प्रिंगच्या रायफलीबद्दल एक सावधगिरी. फार हलक्या छर्‍यामागे हवेची गादी नीट तयार होत नाही आणि पिस्टन जोरात आपटतो. आवाज कर्कश झाला, झटका वाढला, तर ती रायफल कथलाला योग्य नाही. तिला शिशावरच ठेवा आणि मोठ्या मुलांना द्या.

ट्रॅप आणि डोळे

शिसं पत्र्यावर आदळून चपटं होतं आणि खाली पडतं. कथील चपटं होतं, पण थोडं उसळतंही. सरळ उभ्या पत्र्याचा ट्रॅप कथलासाठी चालत नाही. पत्रा वरून पुढे झुकलेला हवा, म्हणजे छर्रा खाली वळतो. आम्ही ट्रॅपच्या तोंडाशी जाड सुती कापडाचे दोन-तीन थर सैल सोडले आहेत. चादरीच्या कारखान्यातून कटपीस किलोवर मिळतात, सोलापुरात त्यांना तोटा नाही. छर्रा कापड भेदून आत जातो, पण उसळून येताना त्यात अडकतो. दर पंधरा दिवसांनी कापड बदलायचं.

चष्मा सर्वांना, बघायला उभ्या असलेल्या पालकांनासुद्धा. पॉलिकार्बोनेटचा, बाजूनं झाकणारा. पहिल्या दिवशी एक छर्रा माझ्या बुटापाशी येऊन पडला होता, आठ मीटर मागे. त्यानंतर या बाबतीत मी कुणाचंही ऐकलेलं नाही.

कुणाला कथील, कुणाला शिसं

कथलाची डबी महाग पडते आणि बहुतेक बाहेरून मागवावी लागते. सगळ्यांना एकदम देणं आमच्या क्लबला झेपलं नाही. तेव्हा ठरवलं की चौदाच्या आतल्या सर्वांना आणि पहिल्या वर्षाच्या सर्वांना फक्त कथील. स्पर्धेची मुलं शिसं वापरतात, पण त्यांच्या लेन एक्झॉस्टच्या बाजूच्या शेवटच्या चार, आणि हात धुण्याचं फडकं त्यांनाही. छर्रे चिमट्यानं भरायची सवय त्यातल्या दोघांनी स्वतःहून लावून घेतली.

खर्च कमी करायला एक उपाय सापडला, तो आधी सुचायला हवा होता. नवख्या मुलानं दिवसाला शंभर बार मारायची गरजच नसते. छर्रा न भरता, नुसतं नेम धरून ट्रिगर दाबण्याचा सराव अर्धा तास, मग चाळीस बार. ज्या रायफलीत कोरड्या ट्रिगरची सोय आहे त्यातच हे करायचं. आमच्या लहान बॅचचे छर्रे निम्म्यावर आले आणि मुलांचा ट्रिगर सुधारला.

जुनं शिसं आणि नवं कथील

ट्रॅपखाली दोन वेगळे डबे ठेवा, झाकणाचे. शिशात कथील मिसळलं की दोन्हींची किंमत जाते. कथलाचं भंगार शिशापेक्षा चढ्या भावानं जातं, तेव्हा स्वच्छ गोळा केलं तर नव्या डब्यांचा काही भार त्यातून उचलता येतो.

शिसं घरी वितळवू नका. 327 अंशांना ते वितळतं, म्हणजे साध्या गॅसच्या शेगडीवरही. म्हणूनच लोकांना मोह होतो. उजनीच्या बाजूचे एक ओळखीचे काका जाळ्याला वजनं ओतायला आमचं शिसं मागायला आले होते. आधी एकदा मी दिलंही होतं. त्यांच्या अंगणात चुलीवर कढई होती आणि दोन नातवंडं बाजूला खेळत होती, हे मागाहून समजलं. त्यांच्याकडे जाऊन नीट सांगितलं, त्यांनी ती कढई स्वयंपाकातून काढली. आता शिसं देतो ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्यालाच. परवानगीचा कागद आधी बघायचा, मग वजन करायचं, आणि पावतीवर किलोसकट तारीख घ्यायची. डबा तीस किलोच्या वर भरू देऊ नका. आमच्या एका डब्याचा तळ उचलतानाच निसटला आणि ती सगळी फरशी ओल्या फडक्यानं तीनदा पुसावी लागली.